उत्तरेकडचं अंगण आणि देवाची फुलं

पत्राचा सारांश : पुण्यातल्या एका चार मजली सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या वाचक ताईंचं पत्र आहे. घराच्या उत्तरेला २० फूट लांब आणि ८ फूट रुंद मातीची पट्टी त्यांच्या वाट्याला आली आहे. वायव्य कोपऱ्यात सोसायटीचा जुना आंबा आहे. पूजेला रोज घरचीच फुलं असावीत अशी सासूबाईंची इच्छा. त्यासाठी गेली काही वर्षं जास्वंद, मोगरा, गुलाब आणि दिवाळीच्या सुमारास शेवंती आणली जाते. आणताना झाड फुलांनी लगडलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत फुलं संपतात, मग नुसती पानं वाढतात आणि पुढे त्या पानांवर पांढरा कापूस धरतो. शेणखत, डीएपी हे रासायनिक खत, केळ्याच्या सालींचं पाणी, सगळं करून झालं. यजमान म्हणतात, फरशी घालून टाकू. शेजारी सांगतात, आंबा काढा. ताई विचारतात : कोणतं खत कमी पडतंय? आंबा गेला तर फुलं येतील का? की सावलीत फुलं येतच नाहीत हे मान्य करून मोकळं व्हावं?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर खर्च चालू आहे. खत कमी पडत नाहीये, जास्त झालंय. फूल धरायला झाडाला साखर लागते आणि ती पानं उजेडात तयार करतात. उजेड नसताना नत्र (नायट्रोजन) दिलं, की झाड उंच, लेचंपेचं वाढतं, पेरांमधलं अंतर लांबतं, पानं मोठी आणि मऊ होतात. असा मऊ, रसाळ शेंडा म्हणजे पिठ्या ढेकणाला आमंत्रण. तुम्ही लिहिलेला पांढरा कापूस तोच. शिवाय सावलीतली कुंडी पाणी कमी पिते, त्यामुळे खतातले क्षार धुऊन न जाता साठत राहतात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट पापुद्रा दिसत असेल तर तेच झालंय. कुंडीच्या तळातून पाणी भळभळ वाहीपर्यंत दोन-तीन वेळा साधं पाणी सोडा आणि पुढचे तीन महिने काहीही घालू नका. डीएपी तर सावलीतल्या बागेत लागतच नाही. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मातीत साठला की झाडाला लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. ती पिवळी पानं पाहून माणूस आणखी खत घालतो.

आता मूळ गोष्ट. ‘आमच्याकडे ऊन येत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. कोणत्या महिन्यात?

पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो, तोही दक्षिणेला. तुमची इमारत ४० फूट उंच धरली तर तिची सावली उत्तरेकडे ३६ फूट पडते, म्हणजे तुमची ८ फुटांची पट्टी केव्हाच झाकली गेली. २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत सूर्य इमारतीच्या उत्तर अंगाला येतच नाही. कोपऱ्यावरून तिरपं आलं तर तेवढंच ऊन. पण एप्रिलमध्ये सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा ऊन पट्टीत उतरू लागतं. मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्यात तुमच्या ‘सावलीच्या’ पट्टीत दिवसभर रणरणतं ऊन असतं, आणि जूनच्या मध्यानंतर ढगांतून गाळून आलेला भरपूर उजेड.

याचा अर्थ तुमचं अंगण एकाच प्रकारचं नाही. सहा महिने ते पूर्ण सावलीत असतं, सहा-सात आठवडे कडक उन्हात आणि पावसाळाभर मोकळ्या उजेडात. तुम्ही झाडं आणता ती बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत, कारण तेव्हा नर्सऱ्या फुललेल्या दिसतात. नेमकी तीच तुमच्याकडची सगळ्यात अंधारी वेळ.

नर्सरीतून आणलेलं झाड दोन आठवडे फुलतं ते तिथल्या उन्हाच्या शिल्लकीवर. कळ्या तिथेच धरलेल्या असतात, तुमच्याकडे त्या फक्त उमलतात. पीस लिलीसारख्या झाडांवर तर विक्रीआधी फुलं यावीत म्हणून अनेकदा जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाची फवारणी होते, त्यामुळे पहिला बहर पाहून तिची लायकी ठरवता येत नाही. शेवंतीचं आणखी वेगळं आहे. तिला कळ्या धरायला सलग लांब, काळोख्या रात्री लागतात. पार्किंगचा किंवा सुरक्षेचा दिवा रात्रभर अंगणात पडत असेल तर खत, ऊन, पाणी सगळं देऊनही तिला नव्याने कळी धरत नाही. म्हणून शेवंती दिवाळीत चार दिवसांची पाहुणी म्हणून आणा, नंतर देऊन टाका. त्यात वाईट काही नाही.

काहीही विकत घेण्याआधी एक दिवस अंगण नीट बघा. सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला एकाच जागेवरून मोबाइलवर फोटो काढा. असा दिवस मार्चअखेर एकदा, मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा काढला की वर्षाचा हिशेब हातात येतो. भर दुपारी पांढऱ्या कागदाच्या फूटभर वर हात धरून सावली पाहा. बोटं स्पष्ट, धारदार दिसली तर ऊन आहे. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट, तर तो उजेडी सावलीचा भाग, आणि तिथे फुलणारी झाडं आहेत. सावलीच पडत नसेल तर तिथे फुलाचा हट्ट सोडून पानांची झाडं लावायची. इमारतीच्या सावलीत डोक्यावर आभाळ उघडं असतं, म्हणून ती आंब्याखालच्या सावलीपेक्षा खूप उजळ असते. एकाच पट्टीत तुमच्याकडे दोन्ही आहेत. पूर्वेकडचा १२-१३ फुटांचा तुकडा उजेडी, आंब्याकडचा उरलेला अंधारी आणि कोरडा, असं गृहीत धरून पुढे लिहितो. फोटोंत वेगळं दिसलं तर रेघ सरकवा.

देवाची फुलं हा पत्राचा खरा गाभा आहे, म्हणून तिथून सुरू करू. सासूबाईंना देवाला फूल हवंय की जास्वंद, मोगरा आणि गुलाबच हवेत? एकदा शांतपणे विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर ‘ताजं, घरचं, वासाचं असलं तर बरं’ असं असतं, आणि तसं असेल तर अंगण अगदी समर्थ आहे.

पहिला मान तगरीचा. अर्ध्या सावलीत इतक्या निमूट फुलणारं दुसरं पांढरं फूल आपल्याकडे नाही, आणि तरी नर्सरीत तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण ती स्वस्त आहे. कुंपणाच्या भिंतीपासून दीड फूट सोडून, एकमेकींपासून तीन-साडेतीन फुटांवर दोन झाडं जमिनीतच लावा. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हाळा-पावसाळ्यात रोज ओंजळभर फुलं मिळायला हरकत नाही, थंडीत मोजकी. फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटणी करा, म्हणजे नवे शेंडे एप्रिलच्या उजेडात येतील. छाटताना पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.

दुसरी अबोली. सहा ते आठ रोपं, फूटभर अंतरावर, पूर्वेकडच्या तुकड्यात. रोप सहा इंचांचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर एकच काठी वर जाते. अबोलीचं कणीस खालून वर उमलत जातं. शेवटचं फूल काढल्यावर कणीस देठासकट कापा. वाळकं कणीस ठेवलं तर झाड बियांमागे लागतं आणि नवी कणसं मंदावतात. रोपं हवी असतील तर दोन कणसं राखा. वाळल्यावर त्यांना पाणी लागलं की बोंडं फटकन फुटून बी उडतं, म्हणून कागदी पिशवीत काढून घ्या. अबोलीचा खरा शत्रू मुळांवरचा सूत्रकृमी, म्हणजे मातीतला अगदी बारीक कृमी. झाड उगाचच मलूल, पानं लहान, आणि उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी, हे दिसलं की ते झाड टाकून द्या, त्या जागी वर्षभर अबोली लावू नका. लावतानाच प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड घातली तर त्रास बराच कमी होतो.

जास्वंदीच्या जागी मिरची जास्वंद. तिचं लाल फूल पूर्ण उमलत नाही, मिरचीसारखं मिटलेलं लोंबतं. ज्यांना जास्वंद उमललेलीच हवी त्यांचं समाधान होणार नाही, हे आधीच सांगतो. पण ती जास्वंदीच्याच कुळातली आहे, अर्ध्या सावलीत भरपूर फुलते आणि थंडीतही हात आखडत नाही. एकच झाड पुरे. वर्षात आठ फूट होते, म्हणून जुलैमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत कमरेइतकी खाली आणा.

ऑक्टोबर ते डिसेंबरचं खिंडार भरायला निळी-जांभळी, बिनकाट्यांची कोरांटी. बहर संपला की जमिनीपासून फूटभर ठेवून कापायची. तिला वर्षभर विचारलं नाही तरी चालतं.

अनंताबद्दल माझं मत सावध आहे. वास हवा असेल तर एकच झाड, पट्टीच्या अगदी पूर्व टोकाला. त्याचा बहर उन्हाळ्याअखेर येतो आणि त्याच वेळी तुमच्याकडे ऊन असतं, हे जुळतं. पण पुण्यातलं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं, अनंताला आम्लधर्मी माती लागते. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या प्रमाणात द्या आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. कळ्या टपटप गळत असतील तर पाण्याची अनियमितता हे पहिलं कारण : एक दिवस माती कोरडी खडखडीत, दुसऱ्या दिवशी चिखल.

तुमच्या पट्टीची खरी ताकद मात्र पावसाळ्यात आहे. तिचा सर्वात उजळ काळ आणि सह्याद्रीतल्या पावसाळी फुलांचा काळ एकच आहे. आपल्या डोंगरांत झाडांच्या कडेला, ओल्या सावलीत जे उगवतं, ते तुमच्याकडे आपसूक येईल.

तेरडा जूनच्या पहिल्या पावसावर पेरा. बी पाव इंचापेक्षा खोल नको, रोपं हाताएवढी झाली की नऊ इंचांवर एक ठेवून बाकीची काढा. दोन-सव्वादोन महिन्यांत फुलं, म्हणजे गौरी-गणपतीला बरोबर. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात खरं, पण एका रोपावर कळ्या महिनाभर येत राहतात. भिंतीच्या बाजूला दाट पेरला तर बुडाशी कुजतो, म्हणून विरळणीचा कंटाळा करू नका.

सोनटक्क्याचे गड्डे मेअखेर, चार इंच खोल, दीड-दोन फुटांवर लावा. चार गड्डे पुरेत, तिसऱ्या वर्षी तेच पट्टी भरून टाकतील. त्याला ओल आवडते, म्हणून घराच्या पागोळीचं पाणी पडतं ती जागा द्या. सोनटक्क्याची एक काठी एकदाच फुलते. फुलून गेली की जमिनीलगत कापा, त्याने खालून नव्या काठ्या येतात. संध्याकाळी उमललेली फुलं सकाळच्या पूजेपर्यंत टिकतात, आणि वासासाठी मग मोगऱ्याची आठवण निदान श्रावण-भाद्रपदात तरी येत नाही. पहिल्या वर्षी फूल येईलच असं नाही, गड्डा लहान असेल तर तो आधी बसतो.

भुईचाफा लावाल तर जागेवर काठी खोचून ठेवा. त्याची फुलं उन्हाळ्यात पानांआधी, उघड्या मातीतून थेट वर येतात, पावसाळ्यात नक्षीदार पानं आणि थंडीत जमिनीवर काहीच नाही. इथेच लोक चुकतात. मेला समजून खणतात किंवा रिकाम्या जागेला पाणी घालत राहतात आणि गड्डे कुजतात. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याला पाणी नको. फुटबॉल लिलीचंही तसंच : कांद्याची मान मातीच्या पातळीला, कुंडी घट्ट, तीन-चार वर्षं हलवायची नाही. मे-जूनमध्ये एक लाल गोळा येतो, आठवडाभर टिकतो. एवढ्याशा फुलासाठी वर्षभर कुंडी सांभाळायची का, हा प्रश्न रास्त आहे. मला विचाराल तर हो. पेव हे पावसाळी रानझाडही देखणं आहे, पण पसरतं आणि माणसाच्या उंचीचं होतं. ८ फुटांच्या पट्टीत मी ते लावणार नाही.

आता आंब्याकडचा भाग. इथे सावलीपेक्षा मोठी अडचण मुळांची आहे. आंब्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात आणि तुम्ही घातलेलं खत-पाणी आधी आंबाच पितो. खोल खणून मुळं तोडू नका, खोडाभोवती मातीचा ढीगही चढवू नका, साल कुजते. इथे सगळं कुंडीत आणि कुंड्या विटांवर. जमिनीवर थेट ठेवलेल्या कुंडीत आंब्याची मुळं तळच्या भोकातून वर शिरतात.

आंब्याखाली आणखी एक गोष्ट होते, ती बहुतेकांना झाडाचा रोग वाटते. मोहोराच्या दिवसांत आंब्यावरचे तुडतुडे चिकट गोड स्राव टाकतात, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी, म्हणजे काजळी, चढते. औषध नको. सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुवा, राठ कापडाने पुसा. म्हणूनच या भागात गुळगुळीत, पुसता येणाऱ्या पानांची झाडं ठेवा : पीस लिली, अँथुरियम, युखॅरिस लिली. लवदार पानांचा बेगोनिया इथे नको.

युखॅरिस घ्यायला सुचवतो, कारण ती खऱ्या सावलीत पांढरं, सुवासिक फूल देते. आठ इंचांच्या कुंडीत तीन-चार कांदे दाटीने लावा. मोठ्या कुंडीत नुसती पानं येतात. पानं पूर्ण वाढली की तीन-चार आठवडे पाणी कमी करा, पान किंचित लवू लागलं की पुन्हा नियमित द्या. या ताणानंतर दांडा येतो. अँथुरियमला माती जवळजवळ नकोच. नारळाच्या सालीचे तुकडे, विटांचे तुकडे आणि थोडा कोळसा, एवढंच. त्याचं लाल ‘फूल’ महिनाभर सहज टिकतं. पीस लिली अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात जगते, फुलत मात्र नाही, ती या भागाच्या उजळ कडेला ठेवा. पीस लिली आणि अँथुरियम या दोन्हींच्या पानांत तोंडाची आग करणारे स्फटिक असतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंड्या उंचावर.

रंगासाठी बारमाही तेरडा आणि मेणपानाचा बेगोनिया गॅलरीखाली, थेट पावसाबाहेर. मुसळधार पावसात दोन्हींचे देठ दोन दिवसांत मऊ होऊन कोसळतात. बारमाही तेरड्याच्या चार इंचांच्या फांद्या पाण्यात ठेवल्या तर पंधरवड्याच्या आत मुळं फुटतात, म्हणून एकदाच विकत घ्या आणि जुनी झाडं रोडावली की फांद्यांवरून नवी करत राहा.

मातीबद्दल थोडक्यात. सावलीत माती वाळत नाही, म्हणून ती नेहमीपेक्षा भरड हवी : दोन भाग तांबडी माती, एक भाग गांडूळखत किंवा कुजलेला पालापाचोळा, एक भाग विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. प्लास्टिकपेक्षा मातीच्या कुंड्या बऱ्या. पाणी वाराप्रमाणे नको, बोटाप्रमाणे द्या : बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, तिथे ओल लागली तर आज पाणी नाही. डिसेंबरात सावलीतली दहा इंची कुंडी पाच-सहा दिवसही थांबते. सावलीतली झाडं तहानेने क्वचित मरतात, लाडाने मरतात. तीन महिन्यांनंतर खत सुरू कराल तेव्हा दहा इंची कुंडीला दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, तेही मार्च ते सप्टेंबर. थंडीत काही नाही. आंब्याचा पाला गोळा करून टाकून देऊ नका, जमिनीवर दोन इंचांचा थर राहू द्या, फक्त झाडांच्या बुंध्यापासून चार बोटं दूर.

मे महिन्याची सोय आत्ताच करा. सहा महिने सावलीत मऊ झालेली पानं त्या उन्हात दोन दिवसांत करपतात, आणि हे दरवर्षी ‘पाणी कमी पडलं’ म्हणून खपून जातं. मेच्या पहिल्या आठवड्यापासून पाऊस लागेपर्यंत कुंड्यांच्या भागावर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, सात फूट उंचीवर. तगर, मिरची जास्वंद, कोरांटी यांना जाळी नको.

पिठ्या ढेकणासाठी आधी त्रासलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली द्रव साबण, नीट ढवळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा, एकूण तीनदा. एका फवाऱ्यात जाणार नाही, कारण अंडी राहतात. पावसाळ्यात सावलीची दुसरी पीडा गोगलगायी. रात्री ओलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा. मीठ टाकू नका, गोगलगायीबरोबर मातीही बिघडते. विषारी गोळ्या सोसायटीतली कुत्री खातात. कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्ये काढूनच ठेवा. सावलीत पाणी आटत नाही आणि डेंग्यूच्या डासाला तेवढंच हवं असतं.

आता आंबा. तो काढल्याने डिसेंबरात थेट उन्हाचा एक किरणही वाढणार नाही, कारण तेव्हाची सावली इमारतीची आहे. शिवाय महाराष्ट्रात नागरी भागातलं झाड, स्वतःच्या जागेतलंसुद्धा, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. खालच्या दोन-तीन आडव्या फांद्या कमी केल्या तर त्या बाजूचा उजेड जाणवण्याइतका वाढेल. तेही सोसायटीला विचारून, पालिकेच्या उद्यान विभागाकडून परवानगी घेऊन आणि फळं उतरल्यावर. त्याहून सोपा उपाय म्हणजे कुंपणाची भिंत आतून पांढऱ्या रंगाने रंगवणं. एका दिवसाचं काम आहे.

यजमानांच्या फरशीत तथ्य आहे, तेही मान्य करू. पावसाळ्यात चिखल तुडवत फुलं काढायला सासूबाई जाणार नाहीत, घसरण्याची भीती वेगळीच. पण सगळी पट्टी फरशीने बंद केली तर पाणी मुरणार कुठे, आणि आंब्याच्या मुळांवर सिमेंट. मधोमध दीड फूट रुंद, खडबडीत शहाबादी तुकड्यांची वाट करा. खाली सिमेंट न घालता तीन इंच खडी-वाळूवर बसवा, तुकड्यांत दोन बोटं फट ठेवा. तगर आणि अबोली त्या वाटेवरून हात पोचेल अशा अंतरावर येऊ द्या. आणि काही बांधण्याआधी ही पट्टी कागदोपत्री तुमची आहे की सोसायटीची सामायिक मोकळी जागा आहे, तेही बघून घ्या. तळमजल्यावर यावरूनच पुढे वाद होतात.

गुलाबाचा नाद मात्र सोडा. त्याला वर्षभर रोज सहा तास ऊन हवं, ते इथे नाही. मोगऱ्याला जवळपास तेवढंच लागतं. सोसायटी परवानगी देत असेल तर मोगऱ्याच्या दोन आणि जास्वंदीची एक बारा इंची कुंडी गच्चीवर किंवा दक्षिणेच्या खिडकीच्या जाळीत ठेवा, जानेवारीअखेर मोगरा छाटा, आणि त्या तिघी कायम तिथेच राहू द्या. दर आठवड्याला वर-खाली नाचवलेलं झाड कुठेच रुजत नाही.

असंच पत्र इतर दिशांच्या घरांतून आलं असतं तर उत्तर बदललं असतं. पूर्वेचं सकाळचं ऊन सावलीच्या जवळजवळ सगळ्या फुलांना मानवतं, तिथे अनंत आणि अबोली निश्चिंत लावा. पश्चिमेला दुपारचं ऊन उशिरा येतं पण भाजतं, तिथे बेगोनिया आणि बारमाही तेरडा एप्रिल-मेत टिकत नाहीत. दक्षिणेला उलटं : थंडीत भरपूर ऊन, म्हणून शेवंती, झेंडू तिथले. कोल्हापूरकडे उत्तरेच्या अंगणातलं दुपारचं ऊन थोडं आधी येतं आणि जास्त दिवस राहतं, नागपूरकडे ते मेच्या अखेरीस येऊन लवकर जातं.

सगळं एकदम आणू नका. भिंत रंगवा, आत्ताच्या कुंड्यांतले क्षार धुवा, गुलाब ऊन असलेल्या कुणाला तरी देऊन टाका. मेअखेर सोनटक्क्याचे गड्डे, पहिल्या पावसावर तगर, कोरांटी, मिरची जास्वंद, अबोली आणि तेरड्याचं बी. आंब्याखालच्या कुंड्या जुलैमध्ये, आणि त्या घेताना नर्सरीवाल्याला विचारा, की रोप जाळीखाली वाढलंय की उघड्यावर. जाळीखालचं घ्या. फुलांनी भरलेलं नको, दोन-तीन कळ्यांचं आणि बुडाशी नवे फुटवे असलेलं घ्या. घरी आणल्यावर आठ-दहा दिवस कुंडी बदलू नका, काही पानं गळाली तर घाबरून पाणी वाढवू नका. पार्किंगच्या दिव्याला अंगणाच्या बाजूने पत्र्याची झड लावता आली तर दिवाळीतली शेवंती फेकण्याआधी एक वर्ष राखून बघा, पण दक्षिणेच्या जाळीत.